बाईंचा घोट

हातात काहीही दिलं की साहेब ते आधी वाकवून बघत. गवारीची शेंग, शाळेची लाकडी पट्टी, छत्रीची काडी, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. देवणीच्या बाजारातली भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच पाटीवर पदर टाकायची.

“साहेब, शेवग्याला हात लावू नका. मोडली तर कोन घेईल?”

“मोडत न्हाई मावशी. किती वाकतीय ते बघून राहिलो,” असं म्हणत ते एक शेंग दोन्ही टोकांना धरून डोळ्यांसमोर आडवी करत आणि तिच्या मध्यावर एका बोटाने हलकेच दाब देत. मग शेंग परत ठेवून पुढे जात. शेवगा घरी कुणाला आवडतच नव्हता.

त्यांना जाऊन चार महिने झाले. मी लिहायला हळू आहे. एक ओळ लिहिते, थांबते, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की पेन दोन्ही हातांत आडवं धरून मी त्याच्या मध्यावर अंगठा दाबतेय.

ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. नोकरीला लागले तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याच्या शिवेवर त्यांनी लोखंडी साखळी ओढली होती. ही गोष्ट ते अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, जिल्हा त्यांनीच केला, सरकारने फक्त सही केली. पुढे मी सांगतेय त्या दुष्काळाच्या वर्षी आणखी एक नवा जिल्हा होणार अशी हवा उठली. चौकाचौकात फलक लागले. हॉटेलात चहा पिताना कुणीतरी त्यांना विचारायचंच.

“साहेब, आपण कोणत्या जिल्ह्यात जाणार?”

“टँकर कोणत्या जिल्ह्यातून येतोय?”

“लातूरहून.”

“मग सध्या हितंच ऱ्हावा.”

मी तेव्हा तिथल्या शाळेत ग्रंथपाल होते. एका दुपारी ते ग्रंथालयात आले, टेबलावरची माझी पट्टी उचलली, वाकवली, आणि म्हणाले, “बाई, वाकण्यावर काही पुस्तक हाय का?”

मला वाटलं, योगासनांबद्दल विचारताहेत. तसं पुस्तक काढून दिलं. त्यांनी मयूरासनाचं चित्र बराच वेळ पाहिलं. “ह्ये मानसाचं झालं,” ते म्हणाले. “मला नळीचं पाहिजे.”

नळी म्हणजे बाणाची. त्यांचा भाचा सैन्यात होता. तो तिरंदाजी करायचा आणि नवं धनुष्य मिळाल्यावर जुनं त्याने मामाकडे आणून टाकलं होतं. कंपाउंड धनुष्य. आपण चित्रात बघतो तसं नव्हे. याच्या दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, जागोजागी स्क्रू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते अर्धवट उघडलेल्या शिलाई मशीनसारखं वाटलं होतं. साठ पौंडांचं होतं, म्हणजे दोरी ओढायला जवळजवळ सत्तावीस किलो ओढावं लागायचं. पण पूर्ण मागे ओढली की चाकं फिरतात आणि भार एकदम हलका होतो. ते समजावून सांगायचे, “निम्म्यात लई जड, शेवटाला हलकं. सरकारी कामाच्या बराबर उलट.”

एवढ्या ताकदीच्या धनुष्याला बाणही ताठ लागतो. दोरी सुटते तेव्हा ती मागून बाणाला असा धक्का देते की नळी क्षणभर वाकते. मऊ नळी जास्त वाकते, मग बाण माशासारखा शेपूट हलवत जातो, आणि फारच मऊ असली तर सुटतानाच फुटते. कार्बनची नळी फुटली की तिच्या धारदार काड्या होतात, आणि त्या काड्यांच्या वाटेवर धनुष्य धरलेला हात असतो. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझा डावा हात धरून, कुठे घुसतील ती जागा दाखवली होती. मी आठवडाभर तो हात जपून वापरला.

नळीचा ताठपणा आकड्यात मोजतात. दोन खुंट्यांवर नळी आडवी ठेवायची, मधोमध ठरलेलं वजन लटकवायचं, आणि ती किती खाली वाकते ते पाहायचं. इंचाचे हजार भाग केले तर जितके भाग ती वाकेल, तो तिचा आकडा. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी ताठ.

हे कळल्यापासून ते माणसांनाही आकडे देऊ लागले. तलाठी चारशेचा. बँकेतला शिपाई तीनशेचा, कुणापुढे वाकत नाही. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं, “तुम्ही म्हंजे सर, सातशे!” मुख्याध्यापक दिवसभर खूश होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी स्वतःहून ते दोनदा सांगितलं. मी तोंडावर पुस्तक धरलं. पण संध्याकाळी मलाच प्रश्न पडला, आणि मी विचारलं, “मी कितीची?”

ते म्हणाले, “तुम्हाला अजून वजन लटकवलं न्हाई.”

त्या वर्षी गावचा तलाव आटला. तळाला भेगा पडल्या, आणि साहेबांना सपाट, मोकळं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं मैदान मिळालं. सगळं गाव तलावाकडे बघून उसासे टाकायचं, आणि हे साखळी घेऊन तळात पन्नास मीटर मोजायचे. त्यांना कुणी काही बोलत नसे, कारण गावातली अर्धी बांधाची भांडणं त्यांनी मिटवली होती आणि उरलेली अर्धी त्यांनीच लावली होती.

निशाणासाठी त्यांनी कडब्याच्या पेंढ्या गच्च बांधून त्यावर गोलांचा कागद चिकटवला. चाऱ्याच्या टंचाईत कडबा असा उभा करणं म्हणजे उघड चिथावणी होती. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची देवणी गाय दावं तोडून तळात उतरली आणि कागदासकट मधोमध खात सुटली. आम्ही पोचलो तेव्हा बाहेरचे गोल शाबूत होते आणि मधला पिवळा गोल तेवढा गेला होता. साहेबांनी गाईच्या पाठीवर थाप मारली.

“बघ रे,” ते पैलवानाला म्हणाले. “पयल्याच दिवशी दहापैकी दहा.”

पैलवान हा त्यांचा एकुलता एक तिरंदाज. तेवीस वर्षांचा, दारात उभा राहिला तर खोलीत अंधार व्हायचा. गुडघा गेल्यामुळे कुस्ती सुटली होती. साठ पौंडांची दोरी तो खिडकीचा पडदा सारावा तशी ओढायचा. बोलायचा कमी. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी जागा राखीव असतात, त्यासाठी त्याला राज्याच्या संघात यायचं होतं. घरचे म्हणत होते, आता पुरे, कारखान्यावर कामाला लाग. त्याने त्यांच्याकडून एका निवड चाचणीपुरती मुदत मागून घेतली होती. ती लातूरला सोमवारी होती, आणि त्याच्याकडे चांगले बाण नव्हते.

भाच्याने धनुष्याबरोबर नळ्यांच्या दोन जुड्या दिल्या होत्या, पण त्यांच्यावरचे आकडे घासून गेले होते. कोणती जुडी जास्त ताठ, हे मोजूनच ठरवायला हवं होतं. पाहिजे होत्या साडेतीनशेच्या आतल्या. साहेबांनी सागाच्या फळीवर अठ्ठावीस इंचांवर दोन खुंट्या ठोकल्या. मध्ये त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, विणायची सुई काट्यासारखी बसवली आणि तिच्या टोकाशी बारीक रेघांचा कागद लावला. राहिलं वजन. दुकानदारांच्या वजनांवर त्यांचा विश्वास नव्हता.

“पाणी खोटं बोलत न्हाई,” ते म्हणाले. त्यांनी एक तांब्याचा लोटा घेतला, सोनाराच्या काट्यावर ठेवून त्यात थेंब थेंब पाणी घातलं, आणि लोटा धरून वजन बरोबर भरलं तिथे आत खिळ्याने रेघ ओढली. रेघेपर्यंत पाणी म्हणजे बरोबर वजन. तारेच्या आकड्याने तो लोटा नळीला लटकवायचा. मी मात्र तो तोवर पाहिला नव्हता.

शनिवारी दुपारी मी आकडे लिहून घ्यायला त्यांच्या घरी गेले. माझं अक्षर त्यांना आवडायचं. पहिली जुडी त्यांनी सकाळीच मोजून ठेवली होती, सरासरी तीनशे पंचेचाळीस. दुसरी माझ्यासमोर मोजायची होती.

आता मला माझं सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात टँकर बाराव्या दिवशी यायचा. कुणाच्या घरी गेलं तर पाणी मागायचं नाही, हे कुणी न ठरवता सगळ्यांनी पाळलं होतं. लोक पाहुणे म्हणून जातानाही बाटली बरोबर नेत. यजमान पाणी विचारत नाहीत म्हणून कुणाला राग येत नसे, आणि विचारलंच तर “आत्ताच प्यायले” म्हणायचं. माझी बाटली वाटेतच संपली होती. साहेब मागे परसात, सैल झालेली खुंटी ठोकायला हातोडी शोधत होते, काकू शेजारी गेल्या होत्या. टेबलावर घासून लख्ख केलेला लोटा, त्यावर वाटी झाकलेली. कुठल्याही घरात असा झाकलेला लोटा म्हणजे प्यायचं पाणी. मी वाटी काढली, लोटा वर धरला आणि वरून दोन घोट घेतले. वाटी होती तशी ठेवली.

साहेब आले. त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली आणि तोच लोटा तारेला अडकवला.

मी वही उघडून बसले होते. त्या क्षणी “साहेब, मी त्यातलं पाणी प्यायले” एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं पाणी न विचारता प्यायले असं म्हणणं होतं, त्या वर्षी, त्या गावात. मनाशी म्हटलं, दोन घोटांनी काय होतंय. साहेब सुईवर डोळा लावून आकडे सांगत गेले आणि मी माझ्या सुरेख अक्षरात ते लिहीत गेले. तीनशे चाळीस. तीनशे अडतीस. तीनशे बेचाळीस.

“पाचनं ताठ,” साहेब खूश होऊन म्हणाले. “दुसरी जुडी घ्यायची.”

संध्याकाळपर्यंत त्या बारा नळ्या पैलवानाच्या हाताच्या मापाने कापून, टोकं आणि पिसं चिकटवून तयार झाल्या.

रविवारी सकाळी तलावाच्या तळात पैलवानाने पहिला बाण सोडला. तो शेपूट हलवत गेला. दुसराही. तिसरा निशाणाच्या बाहेर मातीत घुसला. साहेब मागे हात बांधून उभे होते.

“हात हलून राहिला.”

“न्हाई साहेब.”

“नळी मोजलेली हाय. पाणी खोटं बोलत न्हाई. मग राहिलं काय? तुझा हात.”

पैलवानाने आपला डावा हात समोर धरून पाहिला. तो हलत नव्हता, निदान मला तरी दिसला नाही. पण साहेब म्हणाले म्हणून पुढच्या बाणाला तो खरंच हलला. दहा वाजेपर्यंत त्याला सरळ उभं राहणंही जमेना. शेवटी त्याने धनुष्य पिशवीत घातलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “साहेब, माझ्यात न्हाई ते. उद्या कामून जायचं?”

“तिकडं जाऊन हर. हितं न्हाई,” साहेब म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. त्यांनी त्या दिवशी वाटेत काहीच वाकवून पाहिलं नाही.

मी घरी आले. पुस्तक उघडलं, मिटलं. दोन घोटांनी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि फुटलेल्या नळीची काडी हातात कुठे घुसते ती जागाही मला माहीत होती.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. मी वेळ नोंदवायला आणि फॉर्म भरायला. साहेबांनी ती सागाची फळी चादरीत गुंडाळून बरोबर घेतली होती, लोट्यासकट. कंडक्टरने विचारलं, “हे काय, पेशंट हाय का?”

शिरूर अनंतपाळ यायच्या आधी मी बोलले. कसं बोलले ते नीट आठवत नाही. खिडकीकडे तोंड करून बोलले एवढं आठवतं.

“साहेब, शनिवारी तो लोटा... मला वाटलं प्यायचं पाणी आहे. मी त्यातलं प्यायले.”

मला वाटलं, आता संपलं.

“किती?” ते म्हणाले.

“दोन घोट.”

“घोट केवढा?”

“साहेब, घोट म्हणजे... घोट.”

“तहानलेली मानसं निराळा घोट घेत्यात, उभ्यानं निराळा, बसून निराळा. तुम्ही उभ्यानं प्यालात का बसून?”

“उभ्याने. वरून.”

“तहान?”

“बरीच.”

ते उठले आणि पुढे जाऊन कंडक्टरशी काहीतरी बोलले. शिरूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आम्ही उतरलो. बाकावर चादर उलगडली, फळी ठेवली. लोट्यात माझ्या बाटलीतलं पाणी घातलं, ते रेघेच्या खाली राहिलं. पैलवानाची बाटली रिकामी होती. गाडीतले लोक खिडक्यांतून बघत होते. एक म्हातारी हात बाहेर काढून म्हणाली, “आवं, माझं पन घाला थोडं. काय पूजा हाय का?” तिच्या बाटलीतलं, मग एका शिक्षकाच्या, मग चक्क ड्रायव्हरच्या बाटलीतलं थोडं थोडं घालून पाणी रेघेला आलं. साहेबांनी एक बाण खुंट्यांवर ठेवला, लोटा लटकवला आणि वाकून सुई पाहिली.

“तीनशे ऐंशी.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता प्या.”

“इथे?”

“शनिवारसारखे. उभ्यानं, वरून, दोन.”

“साहेब, मला आत्ता तहान नाही.”

त्यांनी स्टँडवरच्या पोराकडून खारे शेंगदाणे घेतले आणि पुडी माझ्या हातात ठेवली. “खा. शनिवारची तहान आली की सांगा.”

गाडीतल्या कुणीतरी हसून शिटी मारली. कंडक्टर घड्याळ दाखवत आला, “साहेब, गाडी सुटायची वेळ झाली.”

“दोन घोट थांबा,” साहेब म्हणाले.

मी चाळीस लोकांसमोर खारे दाणे चावत उभी होते. जन्मात कधी वर्गासमोर उभं राहून कविता म्हटली नव्हती. घसा कोरडा पडायला दाण्यांची गरजच नव्हती. शेवटी मी मान हलवली, लोटा वर धरला आणि दोन घोट घेतले. म्हातारी ओरडली, “आवं, पोरीला पोटभर पिऊ तरी द्या!” साहेबांनी लोटा माझ्या हातातून अलगद काढून घेतला, थेंब न सांडता तारेला अडकवला, आणि या वेळी स्वतः वाकले नाहीत. त्यांनी पैलवानाला पुढे ढकललं.

“तू बघ. किती?”

पैलवानाने त्या फळीसमोर गुडघा टेकला, दुखरा गुडघा. सुईजवळ डोळा नेला.

“तीनशे चाळीस.”

“मग गलत कोन? तुझा हात का पाणी?”

पैलवान उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लोट्याकडे, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. “साहेब, बाईंनी मला अर्धा मारला होता की.”

मला फार उशिरा कळलं की भरल्या लोट्याने तीनशे ऐंशी आला तिथेच मोजणी संपली होती. माझ्या दोन घोटांची हिशेबाला काही गरज नव्हती. गरज होती ती पैलवानाने स्वतःच्या डोळ्याने तीनशे चाळीस बघण्याची.

चांगली जुडी घरी देवणीला राहिली होती, न कापलेली. बाण ताठ करता येत नव्हते, म्हणून साहेबांनी गाडीतच धनुष्याचे दोन स्क्रू एलन कीने सैल केले. साठ पौंडांचं धनुष्य पन्नासवर आणलं. “बाण वाकडा असंल तर धनुष्यानं जरा नमतं घ्यावं,” असं ते पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्ये तुम्हाला न्हाई म्हनालो.”

मैदानात बाण सरळ गेले. एकाही बाणाने शेपूट हलवलं नाही. पण जोर कमी झाल्यामुळे ते सावकाश जात होते, आणि दुपारी लातूरचा वारा सुटला तेव्हा त्याने एकेक बाण थोडा थोडा बाजूला नेला. पैलवान निवडीच्या यादीत बसला नाही. थोडक्यात गेला. मी यादीसमोर उभी राहिले आणि मला तिथून हलता येईना. साहेब शेजारी आले. मला वाटलं, आता म्हणतील. ते पैलवानाला म्हणाले, “हात दाखव. बोटं मोज. पाच हायत?”

“हायत.”

“मग पुढल्या वर्षी.”

घरच्यांना पैलवानाने काय सांगितलं माहीत नाही, पण ते आणखी एक वर्ष थांबले. पुढल्या वर्षी पहिल्या जुडीचे बाण होते. तो संघात आला, नंतर पोलिसांत लागला, आता नांदेडला असतो. तलाव भरला आणि आमचं मैदान पाण्याखाली गेलं. नवा जिल्हा काही झाला नाही.

त्या दिवसानंतर साहेबांच्या टेबलावर दोन लोटे असायचे. “ह्यो वजनाचा, ह्यो तुमचा,” एवढं एकदा सांगून त्यांनी विषय संपवला. म्हणजे मला वाटलं संपवला. प्रत्यक्षात त्यांनी वजनाच्या लोट्यात पहिल्या रेघेच्या खाली दुसरी रेघ ओढली होती, शिरूरच्या स्टँडवर माझे दोन घोट गेल्यावर पाणी जिथे राहिलं तिथे. आणि त्यांना एक नवं माप मिळालं होतं: एक घोट म्हणजे एक बाई. खोकल्याचं औषध किती घ्यायचं? अर्धा बाई. तुळशीला किती पाणी? चार बाई. काकू चिडायच्या, “त्या एवढ्या शिकलेल्या, आन तुम्ही त्यांचं माप करून ठिवलं!” मला आधी लाज वाटायची. मग एकदा किराणा दुकानात एक अनोळखी बाई “दोन बाई तेल” म्हणाली, तेव्हा मी लाजणं सोडून दिलं.

मी पुन्हा एकदा त्यांना माझा आकडा विचारला होता. ते म्हणाले, “शनिवारी सहाशे होतात. सोमवारी लई कमी.” किती कमी ते सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं मोजलेल्या माणसाला ते फार आवडलं नाही, पण पद्धत त्यांनीच घालून दिली. दिवसाला वीस बाई. काकू लोट्याच्या दोन रेघांमधलं पाणी दहा वेळा द्यायच्या. मी भेटायला गेले की म्हणायचे, “तुमचा लोटा भरून ठिवलाय. प्या. मी बघतो.” मला त्यांच्यासमोर पाणी पिणं जड जायचं. ते माझ्या गळ्याकडे टक लावून बघत, आणि मी लोटा खाली ठेवला की समाधानाने म्हणत, “बराबर. अजून तेवढाच हाय.”

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी देवणीला गेले. भन्तेजींचं वंदना-पठण झालं होतं. पैलवान खुर्च्या उचलत होता, एका हातात चार चार. मला पाहून त्याने खुर्च्या ठेवल्या, जयभीम केला, आणि डावा हात पुढे करून पाच बोटं दाखवली. तेवढं झाल्यावर तोंड फिरवून परत खुर्च्या उचलायला लागला.

काकूंनी मला आत बोलावलं. टेबलावर तोच लोटा, वजनाचा, वाटी झाकलेला. वरच्या रेघेपर्यंत भरलेला.

“ह्ये म्हनाले होते,” काकू म्हणाल्या, “बाई आल्या की त्यांना ह्यो द्यायचा. उभ्यानं, वरून, दोन घोट. आन मग खालच्या रेघेवर येतंय का ते बघायचं. मला तपासून ठिवायला लावलंय.”

मी वाटी काढली, लोटा वर धरला आणि दोन घोट घेतले. काकूंनी लोटा घेऊन उजेडाकडे धरला, आत पाहिलं, आणि “अजून वरच हाय” म्हणून परत माझ्या हातात दिला.

त्या दिवशी पाणी खालच्या रेघेवर यायला मला सहा घोट लागले.